मेलेल्या माणसाचा ठसा

रविवारी सकाळी अकराला आत्याने सगळ्यांना कारखान्याच्या चाचणीखोलीत बोलावलं. घरी का नाही, असं विचारायची छाती कुणाचीच झाली नाही. घरी तिच्या तीन भाचरांपैकी थोरला फोन कानाला लावून गच्चीत गेला असता, मधली चहाच्या निमित्ताने आत शिरली असती आणि धाकटा पेपर तोंडासमोर धरून बसला असता. चाचणीखोलीत लपायला जागाच नव्हती. हुक ताणून बघायचं मशीन, एक लोखंडी टेबल, पाच स्टुलं, आणि भिंतीतल्या खिळ्याला लटकवलेला बाबांचा ठसा.

करंगळीएवढी पोलादी कांडी ती. टोकाला गोल, गोलात आडवी रेघ. क्रेनचा हुक मशीनवर दुप्पट भाराने ताणायचा, उघडला नाही तर कांडी त्याच्या मानेवर टेकवून हातोडीचा एक घाव घालायचा. मग तो हुक दाराबाहेर. बाबांनी चाळीस वर्षं असंच केलं. बाबा गेले तेव्हा ठरलेला माल न्यायला ट्रक दारात उभा होता, आणि कुणीतरी, कोण ते आता कुणाला आठवत नाही, खिळ्यावरचा तोच ठसा उचलून माल काढला. मग तेच चालू राहिलं. नवा ठसा करून घेणं म्हणजे बाबांना घराबाहेर काढणं, असं तिघांनाही वाटलं. या घराला मूर्खपणा करायचा असला की ते त्याला आदर म्हणतं.

बाबांना जाऊन वर्ष झालं आणि त्या ठशाचा एक हुक एका गोदामात उघडला. खाली एक माणूस उभा होता.

त्याला सात वर्षं झाली. त्या एका हुकाचे तीन खटले झाले, खालच्या कोर्टांतून रांगत रांगत हायकोर्टात आले, आणि उद्या, सोमवारी, तिन्ही एकाच दिवशी बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, लागले होते. फौजदारी नऊ नंबरच्या कोर्टात, दिवाणी चारमध्ये, कमर्शियल दोनमध्ये. इमारत एक, मजले तीन.

आत्याने टेबलावर तीन जाडजूड पेपरबुकं, एकेका खटल्याच्या कागदांची बाडं, ठेवली. हिरवं, पिवळं, पांढरं.

"तुझ्याकडे तिन्ही कशी आली?" थोरल्याने विचारलं.

"मागितली. तू दिलंस, हिने दिलं, त्याने दिलं. प्रत्येकाला वाटलं आत्या आपल्या बाजूची आहे."

"मग नाहीस का?"

"बस खाली."

आत्याने एकतीस वर्षं हायकोर्टात स्टेनो म्हणून काढली होती. न्यायमूर्ती निकाल तोंडी सांगणार, ही समोर बसून लिहून घेणार. घरातली पोरं तिला मागे 'शॉर्टहँड' म्हणत, आणि ते तिला ठाऊक होतं. तिने लग्न केलं नाही, त्यावर घराने बरीच वर्षं तोंडसुख घेतलं. आता त्याच घरातल्या तिघांची नाकं तिच्या हातात होती, आणि ती दाबायला अजिबात कचरणार नव्हती.

"एकेकाने आपापला परिच्छेद वाचायचा," ती म्हणाली. "मोठ्याने. मी खुणा केल्यात. थोरल्या, आधी हिरवं."

थोरल्याने चष्मा लावला. हिरवं पेपरबुक फौजदारी खटल्याचं होतं. "मी शपथेवर सांगतो की, चाचणीचे काम माझ्या धाकट्या भावाकडे होते. मी फक्त विक्री पाहत असे."

"आता पिवळं. तुझंच."

पिवळं म्हणजे वाटणीचा दावा. थोरल्याने पान उलटलं आणि थांबला.

"वाच ना. अक्षर लहान आहे का?"

"आमचे वडील वारल्यापासून," थोरला भराभर वाचू लागला, "हुकांची संपूर्ण चाचणी एकट्या माझ्या ताब्यात होती व आहे. सबब चाचणीखोली व वडिलांचा ठसा यावर माझाच हक्क आहे."

आत्याने दोन्ही पेपरबुकं शेजारी ठेवली.

"पहिल्या शपथेवर याला दोन वर्षांची शिक्षा लागली," आत्याने धाकट्याकडे बोट केलं. "दुसऱ्या शपथेवर तुला ही खोली मिळाली. मध्ये अंतर किती? चौदा महिने. चौदा महिन्यांत तुझ्या ताब्यातली चाचणी याच्याकडे जाऊन परत तुझ्याकडे आली. आता पांढरं. ते वाचायला मधली."

मधलीने पेपरबुक हातात घेतलं नाही. तिला पाठ होतं. गोदामवाल्या कंपनीने कारखान्यावर केलेल्या दाव्यातलं ते उत्तर तिनेच सही करून दिलं होतं. "सदर हुकाची चाचणी आमच्या संस्थापकांनी स्वतः केली असून, त्यावर त्यांचा ठसा आहे."

"संस्थापक त्या दिवशी कुठे होते?"

"आत्या, छापील मजकूर असतो तो. प्रत्येक सर्टिफिकेटवर तेच—"

"कुठे होते?"

"फोटोत," धाकटा म्हणाला. सकाळपासून तो पहिल्यांदा बोलला होता. "भिंतीवर. बाहेरच्या ऑफिसात."

धाकट्याची बायको हसली. हसू नये अशा वेळी हसू फुटतं तसं, तोंडावर हात ठेवून.

*

ती हसली खरी, पण आतून तिचा जाळ होत होता.

उद्या अर्ज फेटाळला की तिचा नवरा आत जाणार होता. वकिलाने कालच बजावलं होतं: दोन कोर्टांनी दोषी धरलंय, हायकोर्ट रिव्हिजनमध्ये सगळा पुरावा पुन्हा चाळत बसत नाही, खालच्यांनी ढोबळ चूक केली असेल तरच हात घालतं. कपड्यांची पिशवी भरून ठेवा. तिने ती भरली होती. दोन सदरे, टॉवेल, बीपीच्या गोळ्या. गोळ्यांवर किती वाजता घ्यायची ते लिहिताना तिने पेन मोडलं होतं.

आणि हा माणूस गप्प. सात वर्षं गप्प. परवान्यावर मॅनेजर म्हणून नाव याचं, म्हणून कोर्टाने धरलं याला. "ठसा कोणी मारला?" असं पोलिसांनी विचारलं तेव्हा म्हणाला, "आमच्याकडे सगळेच मारतात." सरकारी वकिलाने त्यावर एकच वाक्य टाकलं, मॅनेजरलाच माहीत नाही, आणि झालं. थोरल्याची वाटणीतली ती दुसरी शपथ हातात आल्यावर वकील अक्षरशः नाचला होता. ही सर्टिफाइड कॉपी लावू, म्हणाला. नवऱ्याने नकार दिला. दादाने स्वतःहून सांगितलं तर सांगू दे, मी त्याला ढकलणार नाही.

"आत्याबाई," ती म्हणाली, "वाचून झालं. आता निकालाचं बोला. काय होणार उद्या?"

"तेच सांगते. नीट ऐका, कारण तुम्ही तिघं तीन वकिलांच्या तोंडून तीन कोर्टं ऐकून आलात." आत्याने हिरव्यावर हात ठेवला. "इथे शंका चालते. तुझ्या नवऱ्यानेच केलं याबद्दल रास्त शंका उरली, तर त्याला सोडावंच लागतं. पण शंका कागदावर दिसायला हवी, घरात कुजबुजलेली चालत नाही." हात पिवळ्यावर गेला. "इथे शंका चालत नाही. इथे बघतात कुणाचं पारडं जड. गुंजभर जड असलं तरी पुरतं." पांढऱ्यावर तिने नुसती टिचकी मारली. "आणि इथे बघतात तुम्ही सही करून काय कबूल केलं होतं. चाचणी करून देऊ म्हणालात. केलीत का? संपलं. तुमचा बाप किती सज्जन होता हे तिथे कुणी विचारत नाही."

"म्हणजे तिन्ही वेगळे," थोरला म्हणाला. त्याच्या आवाजात थोडा जीव आला. "तेच आमचा वकील म्हणतो. एका कोर्टातलं दुसऱ्यात आणायचं कारण नाही."

"मोजमापं वेगळी. हुक एकच." आत्याने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "मी एकतीस वर्षं साहेबांचं बोलणं उतरवून घेतलं. निकाल सांगताना ते कुठे थांबतात माहीत आहे? मोठ्या युक्तिवादाला नाही. दोन कागद एकमेकांना भिडले की थांबतात. पेन वाजवतात टेबलावर. आणि मग ज्याने दोन्हीवर सही केली त्याला सोडत नाहीत. उद्या नाही तर वर्षाने, कुणीतरी हे हिरवं आणि हे पिवळं शेजारी ठेवणार आहे. तेव्हा तू खोटी शपथ घेणारा ठरशील. आज तू नुसता भित्रा आहेस."

"आत्या!" मधली ओरडली.

"तुझ्याकडेही येते. थांब."

*

तिन्ही पेपरबुकांत एक फोटो होता. निशाणी बावीस. उघडलेल्या हुकाची मान आणि तिच्यावरचा ठसा, बशीएवढा मोठा करून छापलेला. आत्याने तिन्ही पानं उघडून ओळीने ठेवली. गोलाची उजवी कड खोल, डावी जेमतेम उमटलेली.

मग तिने पर्समधून शिशाची एक पट्टी काढली, टेबलावर ठेवली, आणि खिळ्यावरचा ठसा उतरवला. हातोडी तिथेच होती.

"आत्या, नको," धाकटा म्हणाला.

"तू गप्प बस. तू फार दिवस गप्प बसलास, अजून पाच मिनिटं जड जाणार नाहीत. मधले, मार."

मधलीने उजव्या हाताने हातोडी घेतली, डाव्याने ठसा धरला. एक घाव. शिशावर गोल उमटला. डावी कड खोल.

धाकट्याने मारला. पुन्हा डावी कड खोल, फक्त जरा जास्त.

"हा पोरखेळ आहे," थोरला म्हणाला.

"मग पोरासारखा खेळ."

थोरला उठला. साठीला टेकलेला माणूस, शर्टाच्या खिशाला दोन पेनं, बाहेर लोक त्याला वाट करून देत. तो टेबलाशी आला आणि त्याने हातोडी उजव्या हातात घेतली.

सगळं तिथेच उघडं पडलं.

थोरला डावखुरा होता. जेवायला बसला की त्याचं कोपर शेजारच्याला लागायचं, म्हणून लहानपणापासून त्याची जागा ओळीच्या टोकाला. क्रिकेटमध्ये तो डावीकडून बॉल टाकायचा आणि धाकटा दरवेळी चुकायचा. हे सांगायला कोर्ट लागत नव्हतं, फोटो लागत नव्हता. तरी तो भावंडांसमोर उजव्या हातात हातोडी धरून उभा राहिला, ठसा डाव्याने टेकवला, आणि हातोडी उचलली. घाव ठशावर बसलाच नाही. कडेला घसरून टेबलावर आपटला. दुसऱ्यांदा त्याने उचलली.

"दादा," धाकटा हळूच म्हणाला, "डाव्याने मार. बोट जाईल."

थोरल्याने हातोडी खाली ठेवली. चेहऱ्यावर राग होता, पण कुणावरचा ते त्यालाच कळत नसावं.

"तुला माहीत होतं?"

"पोलिसांनी फोटो दाखवला त्या दिवसापासून."

"आणि तू काही बोलला नाहीस!"

"तू बोलशील वाटलं. पहिल्या तारखेला वाटलं. मग दुसऱ्या. मग सवय झाली."

*

त्या दिवसाची एकेक गोष्ट थोरल्याच्या डोक्यात जशीच्या तशी होती, आणि सात वर्षं तो स्वतःला सांगत आला होता की आठवत नाही.

मशीनचा भार दाखवणारा काटा तपासणीसाठी बाहेर पाठवलेला. दारात ट्रक, ड्रायव्हर हॉर्न देतोय. आठ हुक. काटा परत यायला दोन दिवस. बाबा असते तर ट्रक परत पाठवला असता, चार शिव्याही घातल्या असत्या. आपण बाबा नव्हतो. आपल्याला वाटलं, आजवर हजारो हुक गेले, एक उघडला नाही. हे आठ काय आकाशातून पडलेत? ठसा उचलला, आठ घाव घातले. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. हात झटकून आपण चहा प्यायलो. चहा प्यायलो हे का आठवतं?

हे तो मोठ्याने बोलत होता. आपण बोलतोय हे त्याला 'चहा' शब्दाशी आल्यावर कळलं.

"काटा नव्हता म्हणजे चाचणीच झाली नाही," धाकट्याची बायको म्हणाली. "आठांतल्या एकाचीही नाही."

"नाही."

"आणि बाकीचे सात?"

"बातमी कळली त्याच दिवशी परत मागवले." थोरल्याने मान खाली घातली. "वितळवले. मी एकट्याने. भट्टीवरच्या माणसाला सुट्टी दिली होती."

धाकट्याच्या बायकोने नणंदेकडे वळून पाहिलं. "वन्सं, फोटो तुम्हीही पाहिला होतात."

मधलीने ओढणीच्या टोकाला पीळ घातला. "पाहिला."

"आणि कळलं?"

"मी या खोलीत वाढले. कोणाचा घाव ते मला लांबून कळतं."

"मग?"

"मग काय? दादाने वाटणीत पुढचं ऑफिस माझ्या नावावर लिहून द्यायचं कबूल केलं. बाबांनी मला कधी काही दिलं नाही. पत्रं मी लिहायची, हिशेब मी तपासायचे, आणि विचारलं की 'तू काय, पाहुणी.' पहिल्यांदा कुणीतरी म्हणत होतं की ही खोली तुझी. मी तोंड मिटलं." तिने एका दमात सांगितलं आणि वर पाहिलं. "लाज वाटते का विचार. वाटते. पण मला ते ऑफिस अजूनही हवंय. तेही खरं आहे."

"घे ना ऑफिस," धाकटा म्हणाला. "ऑफिसला कोण नाही म्हणतंय? मी कधी म्हटलं होतं?"

"तू कधी काही म्हणतोस का!" मधली भडकली. "तुझ्या या गप्प बसण्याचा मला उबग आलाय! तू बोलला असतास तर मीही बोलले असते. तू संत होऊन बसलास आणि आम्ही आपोआप चोर झालो!"

हे मात्र धाकट्याला लागलं. बायकोने त्याच्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच, मनातल्या मनात का होईना, नणंदेची बाजू घेतली.

आत्याने पर्समधून चार पानं काढली. टाइप केलेलं प्रतिज्ञापत्र, थोरल्याच्या नावाचं.

"म्हणजे आधीच तयार होतं!" थोरला म्हणाला.

"मी वेळ वाया घालवत नाही. धाकट्याच्या वकिलाने तपासलंय. उद्या दहाला ऑफिसरसमोर शपथ, साडेदहाला नऊ नंबर. आज ने, वाच, तुझ्या वकिलाला विचार. तो नको म्हणेल."

"यावर सही केली तर ही खोली जाईल."

"जाईल."

"कमर्शियलही हरू."

"ते तू हरलायसच. मेलेल्या माणसाने चाचणी केली म्हणून कुठलं कोर्ट सोडेल तुला?"

"आणि मीच आत गेलो तर?"

खोटा धीर आत्याला देता येत नव्हता. ते कामच तिने कधी केलं नव्हतं. "जाशील कदाचित. जामीनदार मी राहीन. डबा मी आणीन. पण तुझ्या जागी दुसरा कुणी नसेल."

थोरल्याने कागद हातात घेतले. पहिलं पान वाचलं. दुसऱ्या पानावर त्याचं बोट थांबलं.

"इथे 'मयत इसम' असं लिहिलंय."

"तशीच पद्धत आहे."

"हिरव्यात?"

"हिरव्यातही मयत. पांढऱ्यात 'सदर घटना'. पिवळ्यात तो नाहीच." आत्याने तिन्ही पेपरबुकं मिटली. "एवढी बाराशे पानं. त्याचं नाव फक्त शवविच्छेदनाच्या अहवालात एकदा आहे. मी शोधलं."

*

सोमवारी नऊ नंबरच्या कोर्टात शेवटच्या बाकावर ती बाई बसली होती. सात वर्षं प्रत्येक तारखेला ती अशीच बसायची, खालच्या कोर्टात, सेशन्समध्ये, आता इथे. खाली उभा होता त्या माणसाची बायको. शाळेत प्रयोगशाळा सांभाळायची, तारखेच्या दिवशी अर्धी रजा टाकायची. आजवर या घरातल्या एकाशीही ती बोलली नव्हती, आणि या घरातल्या एकानेही तिच्याकडे सरळ पाहिलं नव्हतं.

अकरा चाळीसला पुकारा झाला.

न्यायमूर्ती चष्मा कपाळावर चढवून वाचणाऱ्यांतले होते. त्यांनी प्रतिज्ञापत्र वाचलं, मग पिवळ्यातली सर्टिफाइड कॉपी, मग हिरव्यातली साक्ष. पेन टेबलावर वाजलं. एकदा, दोनदा. मागे आत्याने धाकट्याच्या बायकोचा हात दाबला.

सरकारी वकील उठले. "माय लॉर्ड, रिव्हिजनच्या टप्प्यावर नवा पुरावा? दोन कोर्टांचे एकसारखे निष्कर्ष आहेत."

"निष्कर्ष कशावर? ठसा कोणी मारला हा प्रश्न दोन्ही कोर्टांनी विचारलेला मला सापडत नाही. तुम्हाला सापडला असेल तर पान सांगा."

वकिलांनी पानं चाळली. बरीच चाळली.

"हुकावर ज्याचा ठसा आहे तो माणूस त्याआधी वर्षभर हयात नव्हता," न्यायमूर्ती म्हणाले. "आणि हे सात वर्षांत कुणालाही खटकलं नाही. परवान्यावर नाव कोणाचं, एवढ्यावर माणूस आत पाठवायचा असेल तर कोर्ट कशाला, परवान्याचं ऑफिस पुरे. प्रतिज्ञापत्र देणारे आहेत का?"

थोरला उठला.

"हे तुमच्याविरुद्ध जाऊ शकतं. समजतंय?"

"हो साहेब."

"स्वतःच्या वकिलाचा सल्ला घेतलात?"

"घेतला. त्याने नको सांगितलं."

पुढच्या बाकांवर कुणीतरी खुदकन हसलं. न्यायमूर्ती हसले नाहीत. ते पुन्हा दुसऱ्या पानावर गेले होते. "इथे खाडाखोड आहे. टाइप केलेलं कापून हाताने काही लिहिलंय."

"मीच लिहिलंय. बाजूला सही आहे."

"हे कोणाचं नाव?"

थोरल्याने मागे पाहिलं, शेवटच्या बाकाकडे, सरळ. "त्यांचं साहेब. जे गेले त्यांचं."

"आणि हा ठसा आत्ता कुठे आहे?"

आत्या उठून पुढे गेली आणि रुमालात गुंडाळलेली कांडी तिने कोर्ट ऑफिसरच्या टेबलावर ठेवली. ज्या टेबलाशी ती एकतीस वर्षं लिहीत होती, त्याच्याशेजारचंच टेबल. ऑफिसरने ती लिफाफ्यात घातली, लाख लावली.

निकाल तिथल्या तिथे सांगितला गेला, आणि आत्याची बोटं सवयीने मांडीवर खुणा करत राहिली. ही साक्ष खालच्या कोर्टाने तीन महिन्यांत नोंदवावी, ठसा आणि हुक तज्ज्ञाकडे पाठवावेत, अहवाल इथे यावा. तोवर शिक्षेला स्थगिती. अर्जदार जामिनावर कायम. प्रतिज्ञापत्र देणाऱ्याच्या पूर्वीच्या शपथेबद्दल काय करायचं, ते अहवाल आल्यावर पाहू.

"सुटलो?" धाकट्याने बायकोला विचारलं.

"आज घरी जायचंय. पिशवी मी गाडीतच ठेवते, फाजील हसू नका."

बाहेर व्हरांड्यात वकिलांची झुंबड होती. थोरला खांबाशी एकटा उभा होता. चार नंबरच्या कोर्टात खोली जाणार, दुपारी कमर्शियल हरणार, तीन महिन्यांनी खालच्या कोर्टात पिंजऱ्याच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं तेही नक्की नाही. पण खांद्यावरून कुणी उतरलं असावं तसा तो उभा होता. मधली त्याच्याजवळ जायला निघाली आणि थांबली, कारण ती बाई त्याच्यासमोर येऊन उभी राहिली होती.

"कॉपी आहे?" तिने विचारलं.

थोरल्याने फाइलमधून काढून दिली. तिने दुसरं पान उघडलं. कापलेल्या 'मयत इसम'वर, डावखुऱ्या तिरक्या अक्षरात लिहिलेल्या नावावर तिने बोट ठेवलं. ते नाव तिने वाचलं, ओठ न हलवता. मग चारही पानांची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

"ही माझ्याकडे राहील."

"राहू दे," थोरला म्हणाला. "मला माफ—"

"ते नको," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "ते मी मागितलेलं नाही. खालच्या कोर्टात तुमची साक्ष होईल ना, त्या दिवशी मी पूर्ण रजा काढणार आहे. आणि शेवटच्या बाकावर बसणार नाही. आठ घाव कसे घातले, ते मला समोर बसून ऐकायचंय."

"या," थोरला म्हणाला. "मी सगळं सांगेन."

ती जिन्याकडे गेली. आत्याने घड्याळ पाहिलं, पांढरं पेपरबुक मधलीच्या हातात दिलं आणि हिरवं धाकट्याच्या.

"चला. दोन नंबर खालच्या मजल्यावर आहे. तिथे हरायचंय, पण वेळेवर जाऊन हरायचं."